घनपाठातला एक श्वास

॥ श्रीघृष्णेश्वर प्रसन्न ॥

वेरूळ,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

ज्याच्या कृपेवाचून श्वास आत येत नाही आणि आत आलेला बाहेर जात नाही, त्या करुणासागराचे स्मरण करून, माझे भय त्याच्या चरणांशी ठेवून हे पत्र आरंभितो.

चि. सुरेखास अनेक उत्तम आशीर्वाद.

काल तुझा फोन वाजत होता. मी मुद्दाम उचलला नाही. पुढे लिहितो त्या विषयावर फोनवर अवाक्षर काढू नये. कचरू देवळापुढच्या दुकानासाठी रोज शहरात फुले आणायला जातो, त्याच्या हाती हे पत्र देत आहे. उत्तरही त्याच्याच हाती दे.

काल दुपारी पाठशाळेत चौघे आले. एक आपल्याच गावचा ऋतुराज, ज्याची मुंज मी लावली. बाकी तिघे शहरातले. पेढ्यांचा पुडा पुढे ठेवून चौघांनी वाकून नमस्कार केला. इतक्या नम्रतेने कोणी आले की मला आताशा धडकी भरते.

ऋतुराजने मोबाइल चौरंगावर ठेवला. "शास्त्रीबुवा, एवढं ऐकून सांगा."

आधी लाकडावर लाकूड आपटल्यासारखा ठोका, मग दुसरा. त्या ठोक्यांवर एक पुरुषी, खर्जातला, संथ आवाज. त्यात शब्द नव्हते, नुसते स्वर. पण स्वर पुढे जात आणि मागे फिरत. पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा-पहिला, आणि पुन्हा सरळ. पोरी, हा घनपाठाचा क्रम. मुले ज्या क्रमाने मंत्र घोकतात तोच.

हे वाजवणारे कोण, हे म्हणे कोणालाच ठाऊक नाही. नाव नाही, चेहरा नाही. चित्र म्हणून एका कापडाची उलटी बाजू लावतात, लोंबत्या धाग्यांची. म्हणून पोरे त्यांना 'उलटी बाजू' म्हणतात. ऋतुराजचे म्हणणे असे की यांनी आपला मंत्र तोडून-मोडून यंत्रावर चढवला आहे, आणि त्यांना सोडायचे नाही.

मी ऐकत होतो. तिसऱ्या आवर्तनात स्वर उलटा फिरण्याआधी गाणाऱ्याने श्वास घेतला. ती जागा श्वासाची नव्हे. तेथे कोणत्याही पाठशाळेत दम तोडत नाहीत. तेथे फक्त मी तोडतो, कारण दम्यामुळे माझा श्वास तेवढा पुरत नाही, आणि माझे ऐकून माझ्या सगळ्या शिष्यांना तीच खोड लागली. पैठणच्या सभेत पंडितांनी 'वेरूळकरांचा दम' म्हणून आमची थट्टा केली होती, ते तुला आठवत असेल.

माझ्या तोंडून निघून गेले, "हा तर आमचा श्वास!"

ऋतुराज हसला. म्हणाला, "मग शोधणं सोपं झालं, बुवा."

 माझ्या मते हा इंद्रजीत असावा. पाठशाळा सोडून त्याने करमाडला लाउडस्पीकरचे दुकान टाकले. अशी यंत्रे त्याच्याकडेच असणार. तू त्याला गुपचूप गाठ, आणि हे थांबव म्हणावे. तो मला मुलासारखा आहे.

तुझा आजोबा,
सोमनाथशास्त्री

---

छत्रपती संभाजीनगर,
२८ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप आजोबांस, शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. आधी सांगा, इंद्रजीतदादाचं नाव तुम्ही त्या चौघांपुढं घेतलंत का? घेतलं नसेल तर कृपा करून घेऊ नका. तो यात नाही. मला कसं माहीत ते विचारू नका, पण तो नाही. त्याला गणपतीतल्या डीजेपलीकडं काही सुचत नाही.

मी कंपनीत बऱ्याच जणांना सहज विचारल्यासारखं विचारलं. चिकलठाण्यात जेवणाच्या सुट्टीत पोरं कानात घालून हेच ऐकतात. आमची झेबा म्हणते, "आपल्या शहरात काही नवं झालं की आधी लोक विचारणार, कोणाचा आहे तो? ऐकणार नंतर." झेबा माझ्या शेजारच्या टेबलावर बसते, तुम्ही तिला एकदा भेटलात, तिनं तुमच्यासाठी खजूर आणले होते.

'उलटी बाजू' कशी सुरू झाली ते एका मैत्रिणीकडून ऐकलं, ते सांगते. जुन्या शहरात एका घरात हिमरूचा, म्हणजे सुती-रेशमी नक्षीच्या कापडाचा, हातमाग आहे. एक मुलगी तिथं शाल बघायला गेली. म्हातारे कारागीर विणत होते आणि तिला बसायला सांगून विणतच राहिले. बुट्टी विणताना नक्षीचे धागे ज्या क्रमानं उचलतात, मधोमध आलं की त्याच क्रमानं उलटे उचलतात, म्हणजे फुलाच्या दोन्ही बाजू सारख्या येतात. धोटा इकडून तिकडं, फणीचा ठोका, पुन्हा धोटा. ती मुलगी ऐकता ऐकता नकळत गुणगुणायला लागली, पुढं आणि मागं. कारागिरांचा मुलगा म्हणाला, "पुन्हा म्हण, मी रेकॉर्ड करतो." बस्स, एवढंच. कोणाची खोडी काढायची म्हणून नाही, पैशासाठी नाही. नावं ठेवली नाहीत, कारण नाव कळलं की हिंदू कोण, मुसलमान कोण, एवढंच लोक ऐकतील असं त्यांना वाटलं.

तिचं म्हणणं, तिनं मंत्राचा एक शब्दही तोंडात घेतला नाही. फक्त क्रम घेतला. आजोबा, शब्दाशिवाय नुसता क्रम घेतला तर ते पाप आहे का? तिला फार भीती वाटते म्हणून विचारते.

तब्येत जपा. इनहेलर उशाशी ठेवा.

तुमची,
सुरेखा

---

॥ श्रीघृष्णेश्वर प्रसन्न ॥

वेरूळ,
मार्गशीर्ष शुद्ध एकादशी

चि. सुरेखास अनेक आशीर्वाद.

जे होऊ नये ते झाले. इंद्रजीतचे नाव मी घेतले नव्हते. पण 'आमचा श्वास' एवढे त्यांना पुरले. माझे शिष्य कोण आणि कोठे आहेत हे ऋतुराजला ठाऊकच आहे. परवा ते करमाडला गेले. इंद्रजीतच्या दुकानातले स्पीकर फाडले. "मी नाही," असे तो म्हणत राहिला, तरी त्याचा हात पिरगाळला. मनगट मोडले आहे. भामाबाई त्याच्या आईला भेटून आली. आल्यापासून पाठशाळेच्या मुलांसाठी भाकरी थापताना बडबडते आहे, "लेकराचा हात मोडला, अन् मोडणारे म्हणत्यात आमी धर्म राखतो. धर्माला हात-पाय असते ना, तर तो आधी पळून गेला असता!" मी तिला गप्प राहा म्हणालो. भिंतीपलीकडे कोण उभे असेल ते सांगता येत नाही. समोरच्या चहाच्या टपरीपाशी दिवसभर एक मोटारसायकल असते. तिच्यावरचा माणूस चहा पीत नाही.

मुलांना मी आज घरी पाठवून दिले. रिकाम्या पाठशाळेत माझाच खोकला मला दचकवतो.

तुझ्या मैत्रिणीच्या प्रश्नाचे उत्तर शास्त्राला धरून देतो. ऋषींनी क्रम निर्माण केला तो शब्दाच्या रक्षणासाठी. पुढून-मागून इतक्या वेळा म्हटल्यावर एक अक्षरही गळू नये, यासाठी. क्रम हा करंडा, आत ठेवायचे ते श्रुतीचे अक्षर. रिकामा करंडा कोणी हाती घेतला तर त्याने विटाळ होत नाही. आणि नाद तर अक्षराच्याही आधीचा आहे. तिला सांग, पाप नाही. मात्र करंडा कोठून उचलला हे तिने विसरू नये.

आता मुख्य गोष्ट. चौघे पुन्हा आले होते. गुरुवारी, पौर्णिमेला, भक्तनिवासाच्या सभागृहात गावापुढे ते ध्वनिमुद्रण लावणार आहेत. मी आवाज ओळखून नाव सांगावे अशी त्यांची 'विनंती' आहे. नाही सांगितले तर इंद्रजीतच, असे ते धरून चालतील. "दुसराही हात आहे त्याला," हे ऋतुराजने हसून सांगितले.

मी आयुष्यात असत्य बोललो नाही, हे तू जाणतेस. देवापुढे बसून बोलणारही नाही. पण कोणाचे नाव सांगू? एकेक शिष्य डोळ्यांपुढे आणला. कोणी काशीला आहे, कोणी नाशिकला, एक वारला. त्या जागी दम तोडणारा कंठ जवळपास इंद्रजीतवाचून उरत नाही. आणि तू ठामपणे म्हणतेस की तो नाही.

सुरेखा, तुझी ती मैत्रीण हे कोठे शिकली? बुधवारपर्यंत कळव. मला फार भय वाटते.

सोमनाथ

---

छत्रपती संभाजीनगर,
३ डिसेंबर

ती. आजोबा,

मैत्रीण कोणी नाही. मीच आहे.

तो आवाज पुरुषाचा नाही, माझा आहे. वासिफनं तो कॉम्प्युटरवर संथ केला, त्यामुळं खोल गेला. संथ केल्यावर श्वाससुद्धा लांबला, म्हणून तुम्हाला तो इतका स्पष्ट ऐकू आला. आम्ही तिघं आहोत. मी, झेबा, आणि झेबाचा भाऊ वासिफ. माग त्यांच्या वडिलांचा, कय्युमचाचांचा.

तुम्ही मुलांना शिकवत होतात तेव्हा मी मागच्या पडवीत भामामावशीबरोबर तांदूळ निवडत असायची. मला कोणी शिकवलं नाही आणि कोणी नको असंही म्हटलं नाही. हात सुपात असायचा आणि ओठ तुमच्याबरोबर हलायचे. मला वाटायचं, तो श्वास पाठाचाच भाग आहे. तो तुमचा दमा आहे हे मला तुमच्या पत्रातून कळलं. पैठणची थट्टा मला आठवत नाही, आजोबा. मला कोणी पैठणला नेलं नव्हतं.

काल सकाळी कय्युमचाचांनी मागाच्या खोलीचं दार उघडलं. कडी तोडलेली होती. मागावरचा ताणा कापलेला. सगळे धागे, या कडेपासून त्या कडेपर्यंत, एका रेषेत. बाकी कशाला हात लावला नव्हता. पेटीतलं रेशीम तसंच, भिंतीवरचं घड्याळ तसंच.  चाचा स्टुलावर बसून एकेक टोक बोटानं उचलून बघत होते. झेबाची आई, अनवरीचाची, म्हणाल्या, "अजी, उठो, चाय पी लो." ते म्हणाले, "जिसने काटा, हाथ का बड़ा साफ़ है. सीधा काटा है." मला त्या वाक्याची जास्त भीती वाटली. त्या चौघांना इथपर्यंतची वाट सापडली आहे. कशी, ते ठाऊक नाही. चित्रातले लोंबते धागे बघून हिमरू ओळखला असेल.

पोलिसांत जायचं का, यावर घरात भांडण झालं. चाचा नको म्हणाले. "मेरा नाम, इनका नाम, तेरा नाम, सब एक काग़ज़ पे आ जाएगा, बेटा."

इंद्रजीतदादाच्या मनगटाचं वाचल्यापासून झोप नाही. उद्या मी रजा टाकून वेरूळला येते. सभेत उभी राहते आणि सांगते, मीच ती. फक्त वासिफ आणि झेबाचं नाव घेणार नाही. तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत तरी चालेल. पण तुमच्यावर खोटं बोलायची वेळ येऊ देणार नाही.

सुरेखा

---

वेरूळ,
बुधवार, दिवेलागण

चि. सुरेखा,

येऊ नकोस. ही माझी आज्ञा आहे. कचरू फुलांची टोपली तशीच टाकून परत निघाला आहे, म्हणून चार ओळीच लिहितो.

तू सभेत उभी राहिलीस तर पहिला प्रश्न तुझ्या नावाचा नसेल. तो ठोका कोणाचा, हा असेल. तू सांगणार नाहीस, आणि मग ते तुझ्याकडून काढून घेतील.

उद्या मी जातो. असत्य बोलणार नाही. तू कय्युमभाईंच्या घरी राहू नकोस, आपल्या खोलीवर जा, आणि दाराला आतून कडी घाल.

आजोबा

---

छत्रपती संभाजीनगर,
८ डिसेंबर

तीर्थस्वरूप आजोबांस, साष्टांग नमस्कार.

गुरुवारी संध्याकाळी कडी लावून, दिवा न लावता बसले होते. जिन्यात पाऊल वाजलं की श्वास धरायची. शुक्रवारी सकाळी कचरूमामा फुलांची टोपली घेऊन थेट खोलीवर आला, आणि दारातच बसून सगळं सांगितलं. त्याच्या शब्दांत लिहिते. तुम्ही स्वतःबद्दल हे कधी लिहिणार नाही.

"सुरेखाताई, लई माणूस जमलं व्हतं. म्या मागं खांबाला टेकून हुबा.  ऋतुराजनं ते वाजिवलं. म्हनला, बुवा, सांगा कोन हाय ह्यो. तुजा आजा डोळं मिटून बसला. म्हनला, 'यात मंत्राचे एक अक्षर नाही. असेल तर दाखवा.' कोन दाखवनार? तितं कोनाला काय कळतंय? मंग ऋतुराज म्हनला, अक्षराचं ऱ्हाऊ द्या, नाव सांगा. आजा म्हनला, 'पुन्हा लाव.' त्यानं लावलं. अन् ताई, आजा त्याच्याबरूबर म्हनाया लागला! तसंच, खालच्या आवाजात, शब्द नाय, नुसतं सूर. पुढं-मागं, पुढं-मागं. अन् त्या जागंला आलं की मोबाइलमदला दम अन् म्हाताऱ्याचा दम एकदमच!   आजानं डोळं उघडलं. म्हनला, 'हा श्वास माझा आहे. मी याची साक्ष देतो. ज्याला हात मोडायचा असेल त्याने इकडून सुरुवात करावी.' अन् दोनी हात म्होरं केलं.

"ऋतुराज म्हनला, म्हंजी आवाज तुमचा? आजा म्हनला, 'श्वास माझा.' त्यानं पुन्हा इचारलं. आजा पुन्हा तेच. कोनाला हलायला येईना. निम्म्या गावाची बारशी अन् लग्नं त्या हातानं लागल्याली. तेवढ्यात भामाबाई मागून वरडली, 'व्हय गं बाई! म्हातारा ब्यांडात गेला म्हना की! म्हनून तर सकाळी माज्या भाकरीला ठेका धरतो!' बाया हसल्या, मंग सगळी सभा हसली. नाय हसलं ते फकस्त चौघं. पर हसल्यावर हात कसा मोडावा? गेली मानसं घरला."

मामा एवढं बोलून रडला, आजोबा. मग म्हणाला, चौघांतल्या एकानं सगळं मोबाइलवर घेतलंय.

ते आता सगळीकडं फिरतंय. कंपनीत पोरं म्हणतात, 'उलटी बाजू' म्हणजे वेरूळचे एक शास्त्री आहेत, कसे सुरू झाले ते कळलं. झेबा आणि मी खाली मान घालून ऐकतो. आम्हाला कोणी शोधत नाही. पण आता सगळे तुम्हाला ओळखतात, आणि मला आधीपेक्षा जास्त भीती वाटते. पौषातल्या अनुष्ठानातून तुमचं नाव काढल्याचं मामा म्हणाला. खरं आहे का? आणि ती मोटारसायकल?

कय्युमचाचांनी नवा ताणा भरायला घेतला आहे. तुमचं सगळं ऐकताना ते धागे जोडतच राहिले. मग म्हणाले, "उनसे कहना, जोड़ दिखेगा नहीं."

मी तो श्वास काढून टाकू का? वासिफ म्हणतो, एका बटणानं निघतो. मग पुन्हा कोणी तुमच्यापर्यंत येणार नाही.

तुमची,
सुरेखा

---

॥ श्रीघृष्णेश्वर प्रसन्न ॥

वेरूळ,
मार्गशीर्ष वद्य एकादशी

चि. सुरेखास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. पाकिटाची कड ओली करून पुन्हा चिकटवल्यासारखी दिसली. कचरू शपथ घेतो की त्याने टोपली क्षणभरही खाली ठेवली नाही. मी त्याच्यावर विश्वास ठेवतो, आणि पाकीट पुन्हा पुन्हा दिव्यापुढे धरून पाहतो. दोन्ही खरे आहे. तसे असेल तर तुझे आणि त्या भावंडांचे नाव आता आणखी कोणाला ठाऊक झाले आहे. म्हणून तिघांनी काही दिवस एकत्र दिसू नये.

अनुष्ठानाचे खरे आहे. सोवळे घडी करून ठेवले. घरीच जप करतो. मोटारसायकल टपरीपाशी असते. काल भामाबाईने त्या माणसाला भाकरी-पिठले नेऊन दिले. म्हणाली, "नुसतं बघून पोट भरत नाय, बाबा." त्याने खाल्ले. आज तो पुन्हा आला आहे. माझ्यासाठी आला की भाकरीसाठी, ते कळायला मार्ग नाही.

इंद्रजीतला मी दोनदा निरोप धाडला. उत्तर नाही. तो त्याचा अधिकार आहे. वद्य पक्ष संपला की मी स्वतः करमाडला जाईन आणि त्याच्या दारात बसेन.

मी सत्य बोललो का, हा विचार मला सोडत नाही. शब्दाने बोललो. पण ऐकणाऱ्याने भलते समजावे अशी माझी इच्छा होती, हे देवाला दिसतेच. त्याचा निवाडा त्याच्याकडे. मात्र त्या सभेत तुझ्या स्वरामागे मी जेव्हा चाललो, तेव्हा एक गोष्ट कळली. तुझा क्रम कोठेही चुकलेला नाही. उच्च, नीच, मधला, प्रत्येक स्वर आपल्या जागी आहे. माझ्यासमोर बसून इतकी वर्षे घोकलेल्या मुलांतही असा पाठ मी क्वचित ऐकला.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. श्वास काढू नकोस. शास्त्राने पाहिले तर तो दोष आहे, आणि तुझी छाती धडधाकट असल्याने तुला त्याची गरजही नाही. पण तो पुसलास तर माझी साक्ष खोटी पडेल. आणि माझ्या कंठातून मुलांकडे गेलेले बाकी सर्व काही ऋषींचे होते. तेवढा एक श्वास माझा होता. तो तू मागे बसून घेतलास.

भय गेले की ये. पडवीतून नव्हे, पुढच्या दाराने ये, आणि माझ्यासमोर आसनावर बस. त्या जागी दम न तोडता कसे जावे, ते तुला दाखवतो. मला जमत नाही, पण दाखवता येते. कय्युमभाईंना माझा नमस्कार सांग. म्हणावे, जोड दिसला तरी चालेल.

हे पत्र तुझ्याआधी कोणी उघडून वाचत असेल, तर त्यालाही माझे सांगणे आहे. बाबा रे, येथे लपवण्यासारखे एका म्हाताऱ्याच्या भयाखेरीज काही नाही. ते तू वाचलेस, आता ते तुझ्याही वाट्याला आले. तुझ्या हाताला कोणाचा हात मोडण्याची पाळी न येवो. तुझ्या घरी ठोका वाजला तर तो विणण्याचा असो. हे ज्याच्या ज्याच्या हाती पडेल, जो उघडपणे वाचेल आणि जो चोरून वाचेल, त्या सर्वांचा श्वास प्रभू सुखाने आत नेवो आणि सुखाने बाहेर आणो.

शुभं भवतु.

तुझा आजोबा,
सोमनाथशास्त्री